शेजारच्या तारेतला आवाज : अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल

टेलिफोनचा शोध कोणी लावला, हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. सामान्यज्ञानाच्या पुस्तकात पाठ केलेल्या नावांपैकी ते एक नाव. पण अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल हे व्यवसायाने विद्युत्-शास्त्रज्ञ नव्हते, वाणीचे शिक्षक होते, हे किती जणांना माहीत असते? उच्चार, स्वर, भाषा, वक्तृत्व हे त्यांचे मूळ क्षेत्र. म्हणजे आपल्या कला शाखेच्या अंगणातलाच हा माणूस. म्हणूनच यंदाच्या अंकासाठी काही लिहावे असे मनात आले, तेव्हा मी त्यांचे चरित्र निवडले. या चरित्रात एक धागा आरंभापासून अखेरपर्यंत दिसतो. अनेक आवाज एकत्र आले असता दुबळा आवाज ऐकू कसा यावा, हा तो धागा. बेल यांनी त्याचे एक उत्तर तारेत शोधून काढले. माणसांत मात्र त्यांना ते पुरते सापडले नाही.

आपल्या वडीलधाऱ्यांना क्रॉस कनेक्शन हा शब्द चांगला आठवत असेल. धाराशिवहून सोलापूरला ट्रंक कॉल लावावा, कितीतरी वेळाने तो लागावा, आणि घरची खुशाली विचारताना मध्येच भलत्याच दोघांचा धान्याच्या भावाचा संवाद कानी पडावा! कधी दोन तारा प्रत्यक्ष चिकटल्यामुळे हे घडत असे. पण कधी तारा न चिकटताही शेजारची तार आपल्या तारेत बोलू लागे. या दुसऱ्या प्रकाराचा आणि बेल यांच्या आयुष्याचा फार जवळचा संबंध आहे.

बेल यांचा जन्म ३ मार्च १८४७ रोजी स्कॉटलंडमधील एडिंबरो येथे झाला. आजोबा लंडनमध्ये वक्तृत्व व उच्चार शिकवीत. वडील अलेक्झांडर मेलव्हिल बेल यांनी तर मानवी मुखातून निघणाऱ्या प्रत्येक ध्वनीसाठी चिन्ह असलेली एक लिपीच तयार केली. जीभ, ओठ, कंठ कोठे व कसे ठेवावेत, हे त्या लिपीतील अक्षर पाहूनच कळे. दृश्यवाणी या अर्थाच्या नावाने तिचे पुस्तक १८६७ साली प्रसिद्ध झाले. आपल्याकडे प्राचीन काळी शिक्षा नावाचे वेदांगच उच्चारशास्त्रासाठी होते. कंठ्य, तालव्य, मूर्धन्य अशी विभागणी वर्णमालेबरोबर शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्याला हे घराणे परके वाटू नये.

आई एलायझा उत्तम पियानो वाजवी, चित्रे काढी. परंतु तिला फार कमी ऐकू येई. घरी येणारे लोक तिच्या कानातील नळीत मोठमोठ्याने बोलत. लहानग्या अलेकने वेगळाच मार्ग काढला. तो तिच्या कपाळाजवळ तोंड नेऊन खालच्या, स्वच्छ स्वरात बोले आणि ते तिला समजे. चारचौघांत गप्पा चालल्या की तो तिच्याशेजारी बसून बोटांच्या खुणांनी त्या तिच्यापर्यंत पोचवी. ओरडणाऱ्यांचे जे पोचत नव्हते, ते हलक्या आवाजात पोचत होते. हा धडा त्याने कोणत्याही पुस्तकात वाचलेला नव्हता, आईच्या सहवासात घेतलेला होता. वाचकांनी तो ध्यानात ठेवावा, कारण पुढे तो पुन्हा पुन्हा उपयोगी पडणार आहे.

या सुखी घरावर क्षयरोगाने घाला घातला. १८६७ मध्ये धाकटा भाऊ गेला आणि १८७० मध्ये थोरला. तिघांपैकी एकच मुलगा उरला आणि त्याचीही प्रकृती तोळामासा. आई-वडिलांनी एडिंबरो-लंडनचा प्रपंच मोडला आणि १८७० सालीच ते त्याला घेऊन कॅनडातील ब्रँटफर्ड या गावी गेले. मोकळ्या हवेने मुलगा सावरला. १८७१ मध्ये तो बोस्टनला कर्णबधिर मुलांच्या शाळेत शिक्षक म्हणून रुजू झाला आणि १८७३ मध्ये बोस्टन विद्यापीठात ध्वनिशरीरशास्त्राचा प्राध्यापक झाला. वय अवघे सव्वीस!

दिवसा अध्यापन आणि रात्री प्रयोग असा बेल यांचा तेव्हाचा क्रम होता. त्या काळी एका तारेतून एका वेळी तारायंत्राचे मोजकेच संदेश जात. नवी तार टाकणे खर्चाचे. बेल यांच्या मनात आले की, पियानोचे अनेक स्वर एकाच खोलीत एकाच वेळी वाजले तरी कान ते वेगवेगळे ओळखतो. मग वेगवेगळ्या स्वरांवर बसवलेले अनेक संदेश एकाच तारेतून का जाऊ नयेत? या स्वरतारायंत्राच्या कल्पनेला दोन श्रीमंत पालकांनी पैसा पुरवला. एक टॉमस सँडर्स आणि दुसरे गार्डिनर हबर्ड. दोघांचीही मुले बेल यांच्याकडे शिकत होती. हबर्ड यांची कन्या मेबल पाच वर्षांची असताना तापात बहिरी झालेली होती. पुढे तीच बेल यांची पत्नी झाली.

२ जून १८७५ रोजी साहाय्यक टॉमस वॉटसन याने अडकलेली एक धातूची पट्टी बोटाने छेडली आणि दुसऱ्या खोलीत बेल यांना तिचा हुबेहूब झंकार ऐकू आला. स्वर जातो तर शब्दही जाईल, हे त्यांनी ओळखले. १४ फेब्रुवारी १८७६ रोजी अर्ज, ७ मार्चला पेटंट आणि १० मार्चला वॉटसनला बोलावण्यासाठी उच्चारलेले ते जगप्रसिद्ध पहिले वाक्य! त्याच १४ फेब्रुवारीला एलिशा ग्रे यांनीही आपल्या यंत्राची सूचना त्याच कार्यालयात नोंदवली होती. त्यावरून उठलेला वाद आजही पुरता शमलेला नाही. शेकडो खटले झाले. अखेरीस १८८८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने बेल यांचा हक्क मान्य केला. जुलै १८७७ मध्ये बेल टेलिफोन कंपनी स्थापन झाली. दोनच दिवसांनी विवाह झाला आणि नवरदेवाने दहा सोडून आपले सारे शेअर वधूला भेट दिले!

शोध लागला, पण त्याबरोबर एक नवी पीडाही आली. तारायंत्राला जाड कान होता. शेजारच्या तारेतील बारीकसारीक चाळवाचाळव त्याला कळत नसे. टेलिफोनचा कान अतिशय नाजूक. त्या काळच्या टेलिफोनला एकच तार असे आणि परतीचा प्रवाह जमिनीतून जाई. त्याच खांबांवर तारायंत्राच्या तारा असल्या की त्यांची कडकट टेलिफोनमध्ये ऐकू येई. दोन टेलिफोनच्या तारा शेजारी असल्या की एकाचे बोलणे दुसऱ्यात शिरे. एका तारेतील बदलता प्रवाह शेजारच्या तारेत न शिवताही प्रवाह उठवतो. प्रवर्तनाचा हा नियम मायकेल फॅरडे यांनी १८३१ मध्येच दाखवून दिलेला होता.

बेल यांचे उत्तर अत्यंत साधे होते. जमिनीचा आधार सोडा, परतीसाठी दुसरी तार द्या आणि दोन्ही तारा एकमेकींभोवती पिळा. संदेश एका तारेने जातो व दुसरीने परततो. शेजाऱ्याचा त्रास मात्र दोन्ही तारांना सारखाच पोचतो, कारण पीळ असल्यामुळे कोणतीही एक तार कायम शेजाऱ्याच्या जवळ राहत नाही. ऐकणाऱ्या यंत्राला दोन तारांतील फरक तेवढा कळतो. सारखे असते ते आपोआप वजा होते. या कल्पनेचे पेटंट त्यांना १९ जुलै १८८१ रोजी मिळाले. त्यानंतर सहा महिन्यांनी, जानेवारी १८८२ मध्ये, मुंबई, कलकत्ता व मद्रास येथे भारतातली पहिली टेलिफोन एक्सचेंजे सुरू झाली.

आमच्या गल्लीत एक निवृत्त लाइनमन राहतात. त्यांनी मला जुन्या केबलचा एक तुकडा सोलून दाखवला. आत पांढरी-निळी, पांढरी-नारिंगी, पांढरी-हिरवी अशा तांब्याच्या तारांच्या जोड्या होत्या आणि प्रत्येक जोडीला पीळ होता. नीट पाहिले तर प्रत्येक जोडीचा पीळ वेगळ्या मापाचा दिसतो. माप एकच असते तर शेजारी जोड्यांचे वेढे एकमेकांशी जुळले असते आणि पिळाचा गुण गेला असता. काकांना या युक्तीचा जनक कोण हे ठाऊक नव्हते. पण पीळ उलगडून केलेला जोड पुढे त्रास देतो, हे त्यांना चाळीस वर्षांच्या नोकरीने शिकवले होते. धाराशिव, तुळजापूर, परंड्याच्या रस्त्यांलगत पुरलेल्या त्या केबलीत बेल यांची बुद्धी अशी गाडलेली आहे.

मग एवढ्याने प्रश्न सुटला का? माणसाचे बोलणे होते तोवर बहुतांशी सुटला. पुढे आपल्या देशात याच टेलिफोनच्या तारांवरून ब्रॉडबँड सुरू झाले. त्याला डी.एस.एल. म्हणतात. गंमत अशी की, या पद्धतीचे तत्त्व बेल यांच्या स्वरतारायंत्राशी नाते सांगणारे आहे. एका तारेवर शेकडो स्वर लावायचे आणि प्रत्येक स्वरावर माहितीचा थोडा थोडा भार ठेवायचा. एडीएसएल या प्रकारात असे २५६ स्वर कल्पिलेले असतात. पण हे स्वर मानवी आवाजाच्या कितीतरी वरच्या पट्टीत असतात, आणि पट्टी जितकी चढी तितकी शेजारच्या जोडीत होणारी गळती अधिक. व्हीडीएसएल नावाच्या अधिक वेगवान प्रकारात तर पट्टी आणखी चढते आणि तेथे पिळाचे बळ पुरे पडत नाही.

हा पेच समजण्यासाठी आपल्या वर्गाकडे पाहा. प्राध्यापक व्यासपीठावरून बोलतात ते सर्वांपर्यंत एकाच ठिकाणाहून जाते. हजेरीचे मात्र उलट. पहिल्या बाकावरचा आणि शेवटच्या बाकावरचा सारख्याच जोराने ओरडले, तरी प्राध्यापकांच्या कानी पहिल्याचा आवाज दणदणीत आणि शेवटच्याचा क्षीण असा पोचतो. दोघे एकदम बोलले की मागच्याची हजेरी बुडालीच! डी.एस.एल.च्या केबलीत हेच होते. एक घर एक्सचेंजपासून दोनशे मीटरवर, दुसरे हजार मीटरवर. दोघांच्या जोड्या एकाच केबलीत. दूरच्या घरातून निघालेला संदेश वाटेत झिजत झिजत येतो आणि नेमका एक्सचेंजजवळ, तो सर्वांत दुबळा झालेला असताना, शेजारच्या जोडीत जवळच्या घराचा ताजा, जोमदार संदेश शिरलेला असतो. त्याची किंचित गळती झाली तरी दूरचा बुडतो.

यावर अभियंत्यांनी योजलेला उपाय म्हणजे चढत्या दिशेची, म्हणजे घराकडून एक्सचेंजकडे जाणारी शक्ती कमी करणे. जवळच्या घरातील मोडेम प्रथम आपल्या तारेची विद्युत्-लांबी अजमावतो, म्हणजे आपला संदेश वाटेत किती झिजेल याचा अंदाज घेतो. मग तो आपला आवाज इतका खाली आणतो की, एक्सचेंजला पोचताना तो ठरावीक पातळीपेक्षा वर जाऊ नये. ती पातळी प्रत्येक चढत्या पट्ट्यासाठी दोन आकड्यांनी ठरवून दिलेली असते. ते आकडे प्रत्येक घरासाठी वेगळे न ठरवता, त्या भागातील केबलींची व घरांच्या अंतरांची एकूण रचना पाहून ठरवावे लागतात. पातळी फार वर ठेवली तर दूरचे बुडतात, फार खाली ठेवली तर जवळच्यांचा वेग विनाकारण जातो. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे केबलीतील सर्वांनी हा नियम पाळावा लागतो. एकाने जरी पूर्ण जोर लावला तरी इतरांचा संयम बराचसा वाया जातो. २००६ साली मंजूर झालेल्या व्हीडीएसएल-२ च्या आंतरराष्ट्रीय मानकात ही शिस्त घालून दिलेली आहे.

मला हा उपाय वाचताना राहून राहून एलायझाच्या कपाळाशी हळू आवाजात बोलणारा तो मुलगा आठवला. जवळ असलेल्याला ओरडण्याची गरज नसते. जवळच्याने आवाज कमी केला तर त्याचे फारसे काही जात नाही आणि दूरच्याला तोंड मिळते.

आता पुन्हा १८८१ च्या जुलै महिन्याकडे वळू. २ जुलैला अमेरिकेचे अध्यक्ष गारफिल्ड यांच्यावर गोळी झाडण्यात आली. गोळी शरीरात राहिली. क्ष-किरण अजून चौदा वर्षे दूर होते. टेलिफोनच्या तारांना छळणारे प्रवर्तन येथे कामी आणावे, असे बेल यांना सुचले. शरीराजवळ धातू आला तर वेटोळ्यांतील समतोल बिघडावा आणि टेलिफोनमध्ये आवाज यावा, असे यंत्र त्यांनी घाईघाईने तयार केले. यंत्र चांगले होते, पण रुग्णाच्या गादीत धातूच्या स्प्रिंगा होत्या आणि मुख्य डॉक्टरांनी उजव्या बाजूपलीकडे शोधू दिले नाही. गोळी डाव्या बाजूला होती. १९ सप्टेंबरला गारफिल्ड वारले. त्याच धावपळीच्या दिवसांत, ऑगस्टमध्ये, बेल यांचा नुकताच जन्मलेला मुलगा श्वास न घेता आल्याने काही तासांतच दगावला. पुत्रशोकात असतानाही या माणसाने श्वासोच्छ्वासास साहाय्य करणारे एक यंत्र बनवले. दुःखातून काम उभे करण्याचा हा स्वभाव वंदनीय आहे.

परंतु चरित्र लिहिताना केवळ आरती ओवाळून चालत नाही. बेल स्वतःला आयुष्यभर प्रथम कर्णबधिरांचे शिक्षक मानीत. हेलन केलरच्या वडिलांना योग्य वाट त्यांनी दाखवली आणि त्या वाटेनेच ॲन सलिव्हन ही शिक्षिका मार्च १८८७ मध्ये त्या मुलीच्या आयुष्यात आली. हेलनने आपले आत्मचरित्र बेल यांनाच अर्पण केले आहे. ही त्यांची उजळ बाजू झाली. दुसरी बाजू अशी की, कर्णबधिर मुलांनी ओठ वाचून बोलायलाच शिकावे, खुणांच्या भाषेत शिक्षण देऊ नये, असे त्यांचे ठाम मत होते. १८८० मध्ये इटलीतील मिलान येथे भरलेल्या शिक्षकांच्या परिषदेने हाच ठराव केला. १८८३ मध्ये बेल यांनी राष्ट्रीय विज्ञान अकादमीपुढे एक निबंध वाचला. कर्णबधिरांचे आपसांतील विवाह वाढले तर मानवजातीत बहिऱ्यांचा वेगळा वंश निर्माण होईल, अशी भीती त्यात होती. कायद्याने विवाहबंदी करावी असे त्यांनी म्हटले नाही. पण त्यांच्या निवासी शाळा, त्यांचे कर्णबधिर शिक्षक आणि त्यांची खुणांची भाषा ही त्यांना एकत्र आणणारी साधने शिक्षणातून दूर करावीत, असे सुचवले.

वॉशिंग्टनच्या कर्णबधिरांच्या महाविद्यालयाचे प्रमुख एडवर्ड गॅलाडेट यांनी त्यांना विरोध केला. गॅलाडेट यांचीही आई कर्णबधिर होती. दोन कर्णबधिर मातांचे दोन पुत्र समोरासमोर उभे ठाकले! पण बेल यांच्यामागे टेलिफोनची कीर्ती होती. त्यांचा शब्द सत्तेच्या आणि संपत्तीच्या फार जवळून निघत होता. त्या दणदणीत आवाजात, ज्यांच्याविषयी हे सारे चालले होते त्या लोकांचे म्हणणे दूरच्या तारेसारखे बुडून गेले. अनेक देशांतील शाळांत पिढ्यान्पिढ्या मुलांना हातांनी बोलण्याची मनाई झाली. २०१० साली व्हँकुव्हर येथे त्याच परंपरेतील आंतरराष्ट्रीय परिषदेने मिलानच्या ठरावाबद्दल खेद व्यक्त केला. मध्ये एकशेतीस वर्षे गेली. बेल यांचा हेतू वाईट होता असे मला वाटत नाही. कर्णबधिरांनी जगात मिसळावे, हीच त्यांची तळमळ होती. पण आईशी बोटांनी बोललेल्या मुलाने इतर मुलांची बोटे थांबवण्याच्या बाजूने आपले वजन टाकावे, ही त्यांच्या आयुष्यातील शोकान्त विसंगती आहे. तारेतील शेजाऱ्याचा त्रास ओळखणाऱ्याला आपल्या आवाजाचा शेजाऱ्याला होणारा त्रास ओळखता आला नाही.

उत्तरायुष्यात ते कॅनडातील बॅडेक येथे रमले. पतंग, विमाने, पाण्यावर तरंगत धावणारी नौका असे अनेक उद्योग चालूच होते. १८८० मध्येच त्यांनी प्रकाशाच्या किरणावरून आवाज पाठवून दाखवला होता. आज आपल्या जिल्ह्यातही तांब्याच्या जोडीऐवजी येऊ लागलेल्या प्रकाशतंतूची ती दूरची पूर्वखूणच होय. प्रकाशतंतूत शेजाऱ्याचा आवाज शिरण्याची ही पीडा जवळजवळ नाहीशी होते. आणि ज्याने जगाला टेलिफोन दिला त्याने आपल्या अभ्यासिकेत मात्र टेलिफोन ठेवला नाही. कामात व्यत्यय येतो म्हणून!

२ ऑगस्ट १९२२ रोजी बेल यांचे निधन झाले. अंत्यसंस्काराच्या वेळी उत्तर अमेरिकेतील सर्व टेलिफोन एक मिनिट बंद ठेवण्यात आले. लक्षावधी तारांवरचे सर्व आवाज एकाच वेळी थांबल्याचा तो बहुधा पहिलाच प्रसंग असावा.

आपण भाषेचे विद्यार्थी. वर्गात, ग्रामसभेत, साहित्याच्या व्यासपीठावर कोणी माइकजवळ असतो, कोणी मांडवाच्या टोकाला. माइकजवळच्याने थोडे हळू बोलावे, हा आजवर सभ्यतेचा संकेत होता. अभियंत्यांनी तो आकड्यांत बसवून नियम केला. वाड्या-तांड्यांवरून एस.टी.ने या महाविद्यालयात येणारी, शेवटच्या बाकावर बसणारी कितीतरी मुले-मुली आपल्यात आहेत. त्यांना आवाज नाही असे मुळीच नाही. तो वाटेत झिजून पोचतो, एवढेच. बेल यांच्या चरित्रातून मी घेतलेला बोध हा असा आहे, आणि तो त्यांच्या यशाइतकाच त्यांच्या उणिवेनेही मला दिला आहे.